'सायलेंट लाइट' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्लोस रेगादासचा हा चित्रपट आम्ही चित्रपट मंडळात दाखवला की चर्चा सभागृहात संपत नाही. नंतर कितीतरी दिवस फोन येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मजकूर येतात. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते विचारणाऱ्यांच्या शब्दांत इथे दिले आहेत. ज्यांनी चित्रपट अजून पाहिलेला नाही त्यांनी 'इथून पुढे शेवट उघड आहे' या ओळीपाशी थांबावं.

'स्टेलेट लिख्ट', 'लुझ सिलेन्सिओसा' आणि 'सायलेंट लाइट' हे तीन वेगवेगळे चित्रपट आहेत का?

एकच आहे. पहिलं नाव चित्रपटातल्या माणसांच्या भाषेतलं, दुसरं स्पॅनिश, तिसरं इंग्रजी. शोधताना तिन्ही नावं टाकून पाहा. चित्रपट २००७चा, मेक्सिकोचा. त्या वर्षी कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तो होता आणि 'पर्सेपोलिस' या अ‍ॅनिमेशनपटाबरोबर त्याला ज्युरी पारितोषिक विभागून मिळालं. मेक्सिकोने तो ऑस्करसाठी पाठवला होता, पण अंतिम नामांकन मिळालं नाही. देशातला मानाचा आरिएल पुरस्कार मात्र त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून मिळाला. लांबी साधारण सव्वादोन तास.

गोष्ट थोडक्यात काय? शेवट सांगू नका.

उत्तर मेक्सिकोत, मेनोनाइट या ख्रिश्चन पंथाच्या एका वस्तीत योहान नावाचा शेतकरी राहतो. बायको एस्थर, घरभर मुलं, गाई, मका, ट्रॅक्टर. तो देवभीरू आहे, वडील धर्मोपदेशक आहेत. त्याचं त्याच वस्तीतल्या मारियानवर प्रेम बसलं आहे आणि हे त्याने एस्थरला पहिल्यापासून सांगितलेलं आहे. मित्राला सांगतो, वडिलांना सांगतो. चोरून काही चाललेलं नाही.

एवढंच कथानक. 'निषिद्ध प्रेम' म्हटलं की आपण लगेच विरोध करणारा बाप, पंचायत, पळून जाणं असलं काही शोधतो. इथे तसला खलनायक कुणीच नाही. तीन चांगली माणसं आहेत आणि तिघांनाही एकमेकांचं दुःख स्वच्छ दिसतं आहे. हा चित्रपट मला इतका मोठा का वाटतो याचं कारण इथेच आहे. दोष कुणावर टाकायची सोयच ठेवलेली नाही.

मेनोनाइट म्हणजे आमिशच ना?

नात्यातले आहेत, पण एक नाहीत. सोळाव्या शतकात, १५२५च्या सुमारास झुरिकमध्ये काही सुधारकांनी असं म्हणायला सुरुवात केली की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा नव्हे. माणसाने कळत्या वयात स्वतः श्रद्धा कबूल करून तो घ्यायला हवा. या पंथाला अ‍ॅनाबाप्टिस्ट म्हणतात. त्यांचा अतोनात छळ झाला. पुढे मेन्नो सिमन्स या मूळच्या कॅथलिक धर्मगुरूने नेदरलंड्स आणि उत्तर जर्मनीतल्या अनुयायांना सावरलं, त्याच्या नावावरून मेनोनाइट हे नाव पडलं. आमिश शाखा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १६९३मध्ये याकोब अम्मानच्या मागे वेगळी झाली.

बाप्तिस्म्याइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची: शस्त्र न धरणं. सैन्यात न जाणं, शपथ न घेणं. या एका हट्टापायी हे लोक चार शतकं देश बदलत राहिले.

घोडागाडी, विजेला नकार वगैरे चित्र सगळ्या मेनोनाइटांना लागू होत नाही. जगातले बहुसंख्य मेनोनाइट तुमच्याआमच्यासारखेच राहतात. चित्रपटातली वस्ती जुन्या वळणाची आहे, तरी तिथे पिकअप ट्रक आहेत, यंत्राने दूध काढणं आहे. ट्रक कसे, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मेक्सिकोतल्या या वसाहतींनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारगाड्या हळूहळू स्वीकारल्या. ज्यांना ते पटलं नाही त्यातली अनेक कुटुंबं बोलिव्हियासारख्या देशांत निघून गेली.

ते कॅथलिक की प्रोटेस्टंट? (वसईहून आलेला प्रश्न)

मोजायचंच झालं तर प्रोटेस्टंट सुधारणेच्या बाजूचे. पण त्या काळी दोन्ही बाजूंनी त्यांना छळलं. वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक वाचकाला चित्रपट पाहताना काही गोष्टी खटकतात: घरात क्रूस दिसत नाही, संतांच्या तसबिरी नाहीत, मेणबत्त्यांची आरास नाही. कोऱ्या भिंती, लाकडी खुर्च्या, घड्याळ. मूर्ती आणि सजावट टाळणं ही त्यांच्या श्रद्धेचीच बाजू आहे आणि दिग्दर्शकाने तिचा पुरेपूर उपयोग केला आहे. कोऱ्या भिंतीवर पडणारा उजेड इतका लक्षात राहतो तो त्यामुळेच.

मेक्सिकोत हे गोरे, जर्मन बोलणारे शेतकरी आले कुठून?

मूळ नेदरलंड्सकडचे. तिथून आजच्या पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या खोऱ्यात. मग रशियाची सम्राज्ञी कॅथरीन द ग्रेट हिने बोलावलं म्हणून १७८९पासून आजच्या युक्रेनमध्ये. तिथे सैन्यसेवेची सक्ती यायला लागली तसे १८७०च्या दशकात हजारो जण कॅनडातल्या मॅनिटोबाला गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या प्रांतांनी मुलांना इंग्रजी सरकारी अभ्यासक्रमाच्याच शाळेत घालायची सक्ती केली, तेव्हा जुन्या वळणाच्या गटांनी पुन्हा गाशा गुंडाळला.

मेक्सिकोचे अध्यक्ष आल्व्हारो ओब्रेगॉन यांनी १९२१मध्ये त्यांना लेखी हमी दिली: सैन्यसेवा नाही, शपथ नाही, स्वतःच्या शाळा, स्वतःचा धर्म. मार्च १९२२मध्ये पहिल्या आगगाड्या चिवावा राज्यात पोचल्या. ज्या गावाच्या स्थानकावर त्या थांबल्या ते आज क्वाउतेमोक शहर आहे. जमीन बुस्तियोसच्या मोठ्या जमीनदारीतून विकत घेतलेली होती. त्याच जमिनीवर स्थानिक भूमिहीन शेतकऱ्यांचाही दावा होता, त्यावरून तंटेही झाले. 'ओसाड रानात आले आणि नंदनवन केलं' ही गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

या वस्त्यांतलं चीज मेक्सिकोभर 'मेनोनाइट चीज' म्हणून विकलं जातं. योहानच्या वडिलांच्या गोठ्यातला प्रसंग पाहताना हे लक्षात असू द्या. दूध हा तिथला कणा आहे.

पात्रं जर्मन बोलतात का? मला जर्मन येतं तरी काही कळलं नाही.

ती भाषा प्लाउटडीच. उत्तर जर्मनीच्या सखल भागातल्या बोलींच्या कुळातली, त्यात वाटेतल्या देशांचे शब्द मिसळलेले. पुस्तकी जर्मन शिकलेल्याला ती सहज कळत नाही. घरात आणि शेतात प्लाउटडीच, प्रार्थनेत आणि बायबलमध्ये पुस्तकी जर्मन अशी त्यांची जुनी विभागणी आहे. या भाषेत बनलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून या चित्रपटाचा उल्लेख होतो. मधे थोडी स्पॅनिश येते आणि एक फ्रेंच गाणं आहे. त्या गाण्याचं उत्तर पुढे वेगळं दिलं आहे.

भारतात मेनोनाइट आहेत का?

आहेत, आणि बरेच आहेत. महाराष्ट्राला सगळ्यात जवळचं नाव म्हणजे छत्तीसगडमधलं धमतरी. १८९९मध्ये, दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी तिथे आले. धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होतं, म्हणजे नागपूरच्या कारभाराखाली. तिथलं ख्रिश्चन हॉस्पिटल विदर्भातल्याही अनेकांना ठाऊक असेल. तेलंगणात मेनोनाइट ब्रदरन मंडळींचा मोठा समाज आहे. मात्र हे सगळे हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू बोलणारे इथलेच लोक. चित्रपटातल्या वस्तीशी त्यांचं नातं पंथाचं. भाषा, पेहराव, चालीरीती अगदी वेगळ्या.

कलाकार खरेच मेनोनाइट आहेत का?

मुख्य भूमिकांतली माणसं मेनोनाइट घरांतली आहेत, पण व्यवसायाने नट नाहीत. योहान झालेला कॉर्नेलिओ वॉल चिवावातलाच. त्याच्या आईवडिलांच्या भूमिकेत त्याचे खरे आईवडील आहेत. बापलेकाच्या बोलण्यात जो संकोच आणि जी जवळीक दिसते ती आणखी कुठून आणणार? मारियान झालेली मारिया पांक्रात्झ जर्मनीतून आलेली.

एस्थर झालेली मिरियम टेव्ज ही कॅनडातली नामांकित कादंबरीकार, मॅनिटोबातल्या स्टाइनबाख या मेनोनाइट गावात वाढलेली. या चित्रीकरणाच्या अनुभवातून तिने पुढे 'इर्मा व्होथ' ही कादंबरी लिहिली. तिच्या आणखी एका पुस्तकाबद्दल 'मेनोनाइट लोकांना हे चित्रण मान्य आहे का' या प्रश्नाखाली वाचा.

पहिली पाच-सहा मिनिटं पडदा काळाच राहतो. माझी प्रत खराब आहे का?

प्रत चांगली असणार. खोलीत उजेड जास्त आहे. दिवे घालवा, पडदे ओढा, आणि सुरुवातीपासून पुन्हा लावा.

पडद्यावर रात्रीचं आकाश आहे. चांदण्या आहेत, कॅमेरा अगदी सावकाश फिरतो आहे. रातकिडे, मग लांबून गुरांचं हंबरणं, कोंबडा. क्षितिजापाशी निळसर पट्टा येतो, तो तांबूस होतो, झाडांच्या कडा उमटतात आणि शेवटी लख्ख सकाळ होते. काळ दाबून बसवलेला आहे, खरी पहाट इतक्यात होत नाही, पण डोळ्यांना कुठे जोड दिसत नाही. छायालेखक अलेक्सिस झाबे.

हे दृश्य मोबाइलवर पाहू नका, ही माझी कळकळीची विनंती. मोबाइलवर ते काळा चौकोनच दिसेल.

चित्रपट इतका संथ का? थोडा वेग वाढवून पाहिला तर चालेल का?

चालणार नाही. वेग वाढवला की उरतं ते फक्त कथानक, आणि कथानक चार ओळींचं आहे.

एक प्रसंग घेऊ. सकाळचा नाश्ता. सगळं कुटुंब टेबलाभोवती डोळे मिटून बसलं आहे. बोलणं नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. धाकट्यांची चुळबुळ. 'आमेन' झाल्यावर वाट्या-चमच्यांचा आवाज सुरू होतो. खाणं आटोपतं, एस्थर मुलांना घेऊन बाहेर जाते, जाताना नवऱ्याशी दोन मायेचे शब्द बोलते. योहान एकटा उरतो. उठतो, स्टुलावर चढून घड्याळ बंद करतो, परत येऊन बसतो. आणि रडायला लागतो. एवढा मोठा, राबून घट्ट झालेला माणूस लहान मुलासारखा रडतो आणि कॅमेरा जागचा हलत नाही. आपण तोवर त्या टेबलाशी इतका वेळ बसलेलो असतो की ते रडणं परक्या माणसाचं राहत नाही.

संथपणाचं काम हे आहे. तुम्हाला कंटाळा आला तर त्यात कमीपणा काही नाही. मधे थांबून दुसऱ्या दिवशी पुढचं पाहिलंत तरी हरकत नाही. वेग मात्र वाढवू नका.

पार्श्वसंगीत अजिबात नाही का?

नाही. भावना ठसवायला मागून वाजवलेलं संगीत एकदाही येत नाही. जे ऐकू येतं ते त्या जागेतलं: वारा, इंजिन, पाऊस, रेडिओ, प्रार्थनागीत. त्यामुळे आवाज नीट ऐकू येईल अशी सोय करा. हेडफोन असतील तर उत्तम.

रेडिओवरचं गाणं एकदाच लागतं आणि ते फार सुंदर वापरलं आहे. झकारियास हा योहानचा मित्र, गाड्या दुरुस्त करणारा. योहान त्याच्यापाशी मन मोकळं करतो. मित्र उपदेश करत नाही. मग एक मेक्सिकन लोकप्रिय गाणं लागतं आणि योहान पिकअप ट्रक गोल गोल फिरवत मोठ्याने गात सुटतो. प्रेमात पडलेल्या माणसाचा आनंद सबंध चित्रपटात इतका उघडा आणखी कुठेच दिसत नाही.

टीव्हीवर गाणारा तो कृष्णधवल माणूस कोण? मधेच तो कशाला?

बेल्जियमचा गायक जाक ब्रेल. गाण्यात एक भाबडा तरुण मुलीला भेटायला फुलांऐवजी गोळ्यांचा खाऊ घेऊन गेला आहे. योहानची मुलं एका व्हॅनमध्ये बसून ते पाहताहेत आणि पोट धरून हसताहेत. मुलं त्यात रमलेली असतानाच त्यांचा बाप मारियानला भेटायला गेलेला असतो.

पुष्कळांना हा प्रसंग उपरा वाटतो. मला तो फार बोचतो. मुलांच्या हसण्यात काडीचाही संशय नाही, आणि त्यांचं हे निर्धास्तपण टिकावं म्हणूनच तर मोठी माणसं झुरताहेत.

घरच्यांबरोबर पाहता येईल का?

मोठ्या मुलामुलींबरोबर जरूर. योहान आणि मारियान यांच्या भेटीचा एक प्रसंग खोलीतला आहे. तो संयमाने घेतलेला आहे, पण आईवडिलांशेजारी बसून पाहताना अवघडल्यासारखं होऊ शकतं. हिंसा नाही, शिवीगाळ जवळपास नाही. लहान मुलं मात्र पहिल्या दहा मिनिटांत कंटाळतील.

डोंगरावरच्या चुंबनात पडद्यावर रंगीत ठिपके येतात. छायाचित्रणातली चूक आहे का?

मुद्दाम ठेवलेले आहेत. सूर्य थेट भिंगात शिरला की असे डाग उमटतात आणि बहुतेक छायालेखक ते टाळायची धडपड करतात. इथे ते दोघांच्या चेहऱ्यांवरून सरकू दिले आहेत. चित्रपटाच्या नावात जो प्रकाश आहे तो डोळ्यांना लागावा, असं मला ते पाहताना वाटतं.

मधेच बर्फ कुठून आलं? आधी तर उन्हाळा होता.

योहान वडिलांना भेटायला जातो. गोठ्यात आणि घरात बोलणं सुरू होतं आणि दोघं बाहेर पडतात तेव्हा सगळीकडे बर्फ. चिवावाचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात तिथे बर्फ पडतं. म्हणजे गोष्ट काही महिने पुढे सरकली आहे, फक्त तसं कुणी सांगत नाही. पुढे मक्याची कापणीही येते. ऋतूंकडे लक्ष ठेवा. योहानला हा तिढा किती काळ सुटलेला नाही हे त्यांच्यावरूनच कळतं.

बर्फातलं ते संभाषणही नीट ऐका. वडील आधी धर्मोपदेशक म्हणून बोलतात: हे सैतानाचं काम. मग बाप म्हणून बोलतात: मलाही तरुणपणी एका बाईची ओढ लागली होती, मी तिला भेटायचं टाळलं. कुठेही आवाज चढत नाही.

खोलीत छतावरून वाळकं पान पडतं. त्याचा अर्थ काय?

अर्थ चित्रपट सांगत नाही, आणि मी सांगितला तर तो माझा असेल. तिथे काय चाललं आहे तेवढं सांगतो. योहान आणि मारियान यांची ती भेट संपली आहे. ही शेवटची, असं मारियान ठरवते. प्रेमापेक्षा शांती मोठी, असं काहीसं ती म्हणते. बंद खोलीत पान यायला वाट नाही, तरी ते वरून अलगद खाली येतं. शेवटाकडे जे घडणार आहे त्याची नजरेला सवय इथून लागते, एवढं मात्र खरं.

वस्ती काहीच का करत नाही? अशा समाजात तर वाळीत टाकतात ना?

फार रास्त प्रश्न. जुन्या वळणाच्या मेनोनाइट वसाहतींत मंडळीतून काढणं, व्यवहार तोडणं या शिक्षा खरोखरच आहेत. घटस्फोट मान्य नाही. विवाहबाह्य संबंध उघड झाला तर धर्ममंडळींसमोर उभं राहावं लागतं. चित्रपटात यातलं काहीही दिसत नाही.

काही समीक्षकांना ही उणीव वाटते. मला वाटतं, दिग्दर्शकाने तो भाग जाणूनबुजून बाहेर ठेवला. शिक्षा आली असती तर योहान आपोआप पीडित झाला असता, आपली सहानुभूती त्याच्याकडे वळली असती आणि एस्थर कोपऱ्यात गेली असती. इथे त्याला अडवतं ते त्याचं स्वतःचं मन. तो विश्वास ठेवतो म्हणूनच अडकला आहे. श्रद्धा नसती तर बॅग भरून गेला असता. रेगादास स्वतः मेनोनाइट नाही. मेक्सिको सिटीत वाढलेला, आधी वकिली केलेला माणूस. सगळ्यांचे कपडे सारखे, घरं सारखी, गरीब-श्रीमंत असा भेद डोळ्यांत न भरणारा, असा समाज निवडल्यामुळे पैसा, प्रतिष्ठा, रूप ही सगळी कारणं बाजूला पडतात आणि प्रेम तेवढं शिल्लक राहतं.

मेनोनाइट लोकांना हे चित्रण मान्य आहे का?

सरसकट उत्तर देता येणार नाही. परंपरेने चित्रपटांपासून लांब राहणारा हा समाज. त्यातल्या काहींनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायला होकार दिला, हीच मोठी गोष्ट. शेती, गोठा, आंघोळीचा हौद, जेवणाचं टेबल हे सगळं खऱ्या जागी चित्रित केलेलं आहे.

पण हा चित्रपट पाहून 'किती निर्मळ लोक!' असं म्हणणाऱ्यांना मी दुसरी बाजूही सांगतो. बोलिव्हियातल्या मॅनिटोबा नावाच्या मेनोनाइट वसाहतीत काही पुरुषांनी स्त्रियांना आणि मुलींना गुंगीचं औषध फवारून वर्षानुवर्षं अत्याचार केले. २०११मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या घटनेवरून मिरियम टेव्जने 'विमेन टॉकिंग' ही कादंबरी २०१८मध्ये लिहिली. एस्थरचं मौन साकारणाऱ्या बाईनेच पुढे अशा वस्तीतल्या बायकांना बोलतं केलं. दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवाव्यात.

*इथून पुढे शेवट उघड आहे.*

एस्थर नेमकी कशाने जाते?

मुसळधार पावसात ती योहानबरोबर गाडीतून चालली आहे. पूर्वी असेच दोघं जायचो, आपण या जगाचा भाग आहोत असं वाटायचं, असं ती बोलते. मग इतके दिवस गिळलेला राग मारियानसाठी एका जळजळीत शिवीतून बाहेर पडतो. शिवीगाळ जवळपास नाही असं मी वर म्हटलं, तो अपवाद हाच. तिला मळमळतं, गाडी थांबवायला सांगते, छत्री घेऊन पावसात पळते आणि एका झाडाला टेकून हमसून हमसून रडते. तिथेच कोसळते. डॉक्टर हृदयाशी संबंधित कारण सांगतात. साध्या शब्दांत सांगायचं तर दुःख तिच्या शरीराला पेललं नाही.

ती खरंच मेलेली असते का? की बेशुद्ध होती? की सगळं योहानचं स्वप्न?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. चित्रपट जे दाखवतो ते असं: डॉक्टरांनी मृत्यू सांगितला आहे. बायकांनी देह धुतला आहे. पांढऱ्या खोलीत शवपेटी आहे, लोक जमलेत, प्रार्थनागीतं झाली आहेत. मारियान येते, एस्थरपाशी एकटी जाते, तिच्या ओठांवर ओठ टेकते. एक आसू एस्थरच्या गालावर पडतो. एस्थर डोळे उघडते.

बेशुद्धी किंवा स्वप्न म्हणायला पडद्यावर आधार नाही. झोपेतून जागं झाल्याचं दृश्य नाही, कुणाची शंका नाही. मुलं आत येतात आणि आई उठलीय हे त्यांना अगदी साहजिक वाटतं. मी ते पुनरुत्थान म्हणूनच पाहतो. ज्यांच्या गोष्टीत हे घडतं त्यांच्या श्रद्धेच्या मुळाशीच पुनरुत्थान आहे, त्यामुळे हा चमत्कार बाहेरून चिकटवलेला नाही. तुम्हाला ते पटत नसेल तर तो तुमचा हक्क आहे. पण 'डॉक्टर चुकला असेल' म्हणून सोडवून टाकू नका. तसं केलं तर मारियानच्या येण्याला काही कारणच उरत नाही.

हा शेवट ड्रायरच्या 'ऑर्डेट'वरून उचललेला आहे, खरं का?

सरळ सरळ त्याच्याशी जोडलेला आहे आणि ते लपवलेलंही नाही. कार्ल थिओडोर ड्रायरचा डॅनिश चित्रपट १९५५चा, काय मुंक याच्या नाटकावर आधारलेला. तिथेही श्रद्धाळू शेतकरी कुटुंब आहे, बाळंतपणात गेलेली सून शवपेटीतून उठते, थांबवलेलं घड्याळ पुन्हा चालू केलं जातं. योहान हे नावही तिथल्या योहान्नेसची आठवण देतं.

फरक फार मोलाचा आहे. ड्रायरकडे एका लहान मुलीची निःशंक श्रद्धा आणि योहान्नेसने उच्चारलेला शब्द मृताला उठवतात. इथे कुणी देवाकडे काही मागत नाही. एक बाई दुसऱ्या बाईचं चुंबन घेते. म्हणून नक्कल हा शब्द मला मान्य नाही. जुन्या कीर्तनातलं आख्यान नव्या कीर्तनकाराने पुन्हा लावावं, तसं हे आहे: गोष्ट तीच, निरूपण त्याचं स्वतःचं.

चुंबन मारियाननेच का? योहानने का नाही?

योहानपाशी पश्चात्ताप आहे, देण्यासारखं काही नाही. त्याने दोघींवर प्रेम केलं आणि दोघींना दुखावलं. मारियान मात्र आधीच बाजूला झाली आहे ('वाळकं पान' या प्रश्नाखाली पाहा). एस्थर गेल्यावर तिचा मार्ग उलट मोकळा झाला होता. अशा वेळी ती येते ती एस्थरला परत आणायला, म्हणजे स्वतःचं उरलंसुरलं सोडून द्यायला. एस्थर जागी झाल्यावर पहिली काळजी करते ती योहानची. आता तो बरा होईल, असं मारियान तिला सांगते. या दोघी पूर्ण चित्रपटात बोलतात त्या इथेच, आणि रागाचा शब्द निघत नाही.

योहानने बायकोपासून काहीच लपवलं नाही. मग त्याने फसवलं असं म्हणता येईल का?

यावर आमच्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, खरं बोलला, आणखी काय करायचं. दुसरा म्हणतो, खरं सांगून त्याने आपलं ओझं एस्थरच्या खांद्यावर ठेवलं.

मी दुसऱ्या बाजूला आहे. सांगितल्यामुळे योहानचं मन हलकं झालं; एस्थरला ते रोज, नाश्त्याच्या टेबलावर, हौदात मुलांना न्हाऊ घालताना, शेतात, उरी बाळगून राहावं लागलं. ती कुणापाशी बोलणार? त्याला मित्र आहे, बाप आहे. तिला एकही माणूस चित्रपटात मिळत नाही. म्हणून दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा योहानला सोडा आणि सुरुवातीपासून एस्थरकडे पाहा. हौदापाशी तिचे डोळे भरून येतात तो क्षण पहिल्या वेळी बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. पावसातला तिचा आकांत तिथेच सुरू झालेला आहे.